तिजोरी आणि मतपेटी

(चिखलदरा येथील स्मृति-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मी विषय कळवला तेव्हा संयोजकांना जरा शंका आली होती. मेळघाटाच्या माथ्यावर बसून अमेरिकेत निवडणूक हरलेल्या उद्योजकांची गोष्ट कोण ऐकणार? शंका रास्तच आहे. पण वऱ्हाडाला अमेरिका काही नवी नाही. १८६१ साली तिकडे यादवी पेटली, दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि अमरावती-खामगावच्या बाजारात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ साली युद्ध संपलं आणि भाव कोसळला. तिकडे राजकारण व्हायचं आणि इकडे कास्तकाराचं घर वर-खाली व्हायचं, असं हे दीडशे वर्षांपूर्वीपासून चालू आहे. आणि योगायोग पाहा, आज ज्या दोघांबद्दल बोलणार आहे त्यातला एक जण कापसाच्या दलालाचाच मुलगा होता.

तो रॉस पेरो. टेक्ससचा अब्जाधीश. १९९२ आणि १९९६ अशा दोन वेळा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, दोन्ही वेळा हरला. दुसरे आपले, मराठी. डॉ. श्री ठाणेदार. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीत जन्मले, अमेरिकेत उद्योजक झाले, आणि २०१८ साली मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी लढले. तेही हरले.

आता कोणी म्हणेल, राष्ट्राध्यक्षपद कुठे आणि गव्हर्नरपद कुठे! दोन खुलासे करतो. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राजभवनातला राज्यपाल नव्हे. तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, पण थेट लोकांनी निवडलेला. दुसरं असं की ठाणेदारांनी कितीही ठरवलं तरी त्यांना राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही. अमेरिकेची राज्यघटना सांगते की राष्ट्राध्यक्ष जन्मजात नागरिकच असला पाहिजे. चिकोडीत जन्मलेल्या माणसाला कारभाराचं जे सगळ्यात मोठं पद लोकांकडून मिळू शकतं, ते राज्याच्या गव्हर्नराचं. म्हणजे त्यांच्यापुरता जिना जिथे संपतो, तिथेच त्यांनी पहिल्या फेरीत उडी घेतली. पेरोनेही तेच केलं. दोघांनीही आधी साधी नगरपालिकेची निवडणूक लढवली नव्हती.

मला आज दोनच प्रश्नांवर बोलायचं आहे. निवडणुकीत पैशाने काय विकत मिळतं आणि काय मिळत नाही? आणि धंद्यात जिंकलेला माणूस मतपेटीत हरला, तर पुढे काय करतो? दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. तरी सुरुवात पहिल्यापासून करावी लागेल.

ठाणेदारांचा जन्म २२ फेब्रुवारी १९५५ चा. चिकोडी तेव्हा मुंबई राज्यात होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. घर मोठं, मिळकत थोडी. मुलगा चौदा वर्षांचा असताना वडील नोकरीतून निवृत्त झाले आणि घराचा भार पोरवयातच त्याच्या खांद्यावर आला. मिळेल ते काम करत शिकला. अठराव्या वर्षी कर्नाटक विद्यापीठाची रसायनशास्त्रातली पदवी, मग मुंबई विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण, भाभा अणुसंशोधन केंद्रात काम. १९७९ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ॲक्रन विद्यापीठात दाखल झाले आणि १९८२ साली बहुवारिकांच्या रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली. बहुवारिकं म्हणजे प्लास्टिक, रबर यांच्या कुळातली रसायनं. ॲक्रन हे रबराचं आणि टायरचंच गाव.

पुढे सेंट लुईसमध्ये पेट्रोलाइट नावाच्या रसायन कंपनीत नोकरी. इथवरची गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ हुशार मुलांसारखी आहे. फरक पडला तो १९९० च्या सुमारास. त्याच शहरात केमिर नावाची एक लहानशी प्रयोगशाळा होती. एखाद्या कारखान्याचा रंग का सोलला, गोळीत काय मिसळलं गेलं, प्रतिस्पर्ध्याच्या मालात नेमकं काय आहे, हे तपासून देणं हे तिचं काम. नोकरी सांभाळून ठाणेदार तिथे काम करत होते. मालकाने ती विकायला काढली तेव्हा त्यांनी ७५,००० डॉलरचं कर्ज काढून ती घेतली. मोजके नोकर असलेली ती प्रयोगशाळा पुढच्या पंधरा वर्षांत अनेक पीएच.डी. रसायनशास्त्रज्ञांना पोसू लागली.

हा सगळा भाग तुमच्यापैकी अनेकांनी वाचला असेल. त्यांचं मराठी आत्मचरित्र, ‘ही ‘श्री’ची इच्छा’, महाराष्ट्रातल्या वाचनालयांतून हातोहात फिरलं. व्याख्यानांना गर्दी झाली. पत्नीचा मृत्यू आणि पदरात दोन लहान मुलं, हे दुःखही त्यांनी त्यात लिहिलं. गरिबी, जिद्द, अमेरिका, यश. मराठी मध्यमवर्गाला आवडणारं सगळं त्यात आहे. पण ते पुस्तक तेजीच्या काळातलं. माझ्या मते ठाणेदारांची ऐकण्यासारखी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर.

यशाच्या भरात त्यांनी कर्जं काढून औषधनिर्मितीशी संबंधित कंपन्या विकत घेतल्या. ॲझोफार्मा हे त्यातलं मोठं नाव. २००८ ची मंदी आली. २०१० साली बँकेने कर्जापोटी सगळं ताब्यात घेतलं आणि वीस वर्षांत उभारलेलं साम्राज्य गेलं. त्यातच न्यू जर्सीतल्या एका प्राणी-चाचणी केंद्राचा दरवाजा बंद झाला तेव्हा आत शंभराहून अधिक बीगल कुत्री आणि काही माकडं होती. प्राणिमित्रांना त्यांच्या सुटकेसाठी धडपडावं लागलं. ठाणेदारांचं म्हणणं असं की तोवर ताबा बँकेकडे गेलेला होता आणि त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. कोणाचा दोष किती, हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण आठ वर्षांनी ही कुत्री त्यांच्या प्रचारसभेत भुंकायला आली, हे लक्षात ठेवा.

२०१० साली, पंचावन्नाव्या वर्षी, हा माणूस मिशिगनमधल्या ॲन आर्बर या गावी गेला आणि पुन्हा प्रयोगशाळाच काढली. ॲव्होमीन. काम तेच: लोकांनी आणून दिलेला नमुना तपासायचा आणि त्यात काय आहे ते सांगायचं. सहा वर्षांत ती इतकी वाढली की २०१६ साली तिचा मोठा हिस्सा त्यांनी विकला. हातात पैसा आला. आणि मग त्यांना राजकारणाचं वेड लागलं.

मंडळी, अमेरिकेत या वेडाला कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख रुपये. कागदावर! (हशा) तिकडे १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘बकली विरुद्ध व्हॅलिओ’ खटल्यात निकाल दिला की उमेदवाराने स्वतःच्या खिशातून किती खर्चावं यावर सरकारला मर्यादा घालता येणार नाही. आपलं मत मांडायला पैसा लागतो, म्हणून स्वतःचा पैसा खर्चणं हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग, असा त्यामागचा युक्तिवाद. दुसऱ्याकडून देणगी घ्यायची तर मर्यादा. स्वतःची तिजोरी उघडायची तर खुशाल. श्रीमंत उमेदवारांची जी रांग पुढच्या पन्नास वर्षांत लागली, ती या निकालाने आखून दिलेल्या रस्त्यावरून.

ठाणेदारांनी तिजोरी उघडली. एक कोटी डॉलरहून जास्त. त्या वेळच्या भावाने सत्तर कोटी रुपयांच्या आसपास. इतर उमेदवार देणगीदारांना फोन करत होते तेव्हा यांच्या जाहिराती मिशिगनच्या घराघरांतल्या टीव्हीवर चालू झाल्या होत्या. फुटबॉलच्या सुपर बोल सामन्याच्या वेळीसुद्धा. आपलं नाव अमेरिकन माणसाच्या जिभेवर कसं अडखळतं, याची थट्टा स्वतःच करून घेत ते लोकांच्या ओळखीचे झाले. वसंत ऋतूपर्यंत काही जनमत चाचण्यांत ते चक्क पहिल्या क्रमांकावर होते! बेळगावात, पुण्यात, मुंबईत वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. मराठी माणूस गव्हर्नर होणार.

मग काय झालं? मग माणसं प्रश्न विचारू लागली. बीगल आठवले. ॲव्होमीन विकत घेणाऱ्यांनी विक्रीच्या व्यवहारावरून कोर्टात खेचलं होतं, ते प्रकरण पुढे आपसात मिटलं. आधी कोणत्या पक्षातून उभं राहावं याचीही त्यांनी चाचपणी केली होती, असा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. आणि समोर कोण होतं? ग्रेचेन व्हिटमर. चौदा वर्षं राज्याच्या विधिमंडळात घालवलेली, तिथल्या सेनेटमध्ये विरोधी पक्षनेता राहिलेली बाई. तिच्यामागे कामगार संघटना होत्या, तालुक्या-तालुक्यातले कार्यकर्ते होते. तिसरा उमेदवार अब्दुल अल-सय्यद हा तरुण डॉक्टर. त्याच्यामागे विद्यार्थ्यांची फौज. ७ ऑगस्ट २०१८ रोजी पक्षांतर्गत मतदान झालं. व्हिटमर ५२ टक्के, अल-सय्यद ३० टक्के, ठाणेदार जेमतेम १८ टक्के. मतं सुमारे दोन लाख.

हिशेब करा. एक कोटी डॉलर, दोन लाख मतं. एका मतामागे पन्नास डॉलर.

आता पेरोकडे वळू, कारण हाच हिशेब त्याच्याकडे वेगळा लागतो.

पेरोचा जन्म २७ जून १९३० चा, टेक्ससमधल्या टेक्सारकानाचा. वडील कापसाचे दलाल. (अकोल्याच्या मंडळींना या ठिकाणी आपुलकी वाटायला हरकत नाही.) नौदलाच्या ॲनापोलिस अकादमीत शिकला, नोकरी करून बाहेर पडला आणि १९५७ साली आयबीएममध्ये संगणक विकू लागला. विक्रेता असा जबरदस्त, की १९६२ साली वर्षभराचं उद्दिष्ट त्याने जानेवारी संपायच्या आत पुरं केलं असं सांगतात. मग उरलेले महिने काय करायचं? त्याने कंपनीला सुचवलं, नुसतं यंत्र विकू नका, ते चालवून देण्याचं कामही घ्या. वरच्यांनी ऐकलं नाही. वाढदिवशीच, २७ जून १९६२ रोजी, बायकोच्या बचतीतले हजार डॉलर घेऊन त्याने स्वतःची कंपनी नोंदवली. इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स. ईडीएस.

तुमचं यंत्र, तुमची माहिती, ती हाताळायची माणसं मात्र आमची. हा तो धंदा. तीन वर्षांत सरकारने वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी वैद्यकीय विमा योजना आणल्या, लाखो बिलांचा ढीग लागला, आणि तो उपसायचं कंत्राट पेरोकडे आलं. १९६८ साली त्याने समभाग बाजारात आणले आणि तो रातोरात गडगंज झाला. १९७० च्या एप्रिलमध्ये एकाच दिवसात त्याची कागदोपत्री ४५ कोटी डॉलरची संपत्ती उडाली, तरी तो डगमगला नाही. एक आठवण आपल्यासाठी. अमरावती-अकोल्याची जी मुलं आज हिंजवडीला जाऊन परदेशी कंपन्यांचे संगणक सांभाळतात, त्यांच्या धंद्याचा एक मूळपुरुष हा पेरो आहे. इतकंच नव्हे, त्याच्या दुसऱ्या कंपनीने, पेरो सिस्टिम्सने, १९९६ साली एचसीएलशी भागीदारी करून भारतातच काम सुरू केलं. आणि हाच माणूस अमेरिकेच्या नोकऱ्या मेक्सिकोला वाहून जातील म्हणून देशभर बोंब ठोकत होता! विसंगती म्हणा, धंदा म्हणा.

त्याच्या धाडसाच्या कथा पुष्कळ. १९७८ च्या अखेरीस इराणमध्ये त्याचे दोन अधिकारी तुरुंगात अडकले, तर निवृत्त कर्नल बुल सायमन्सला हाताशी धरून त्याने सुटकेची मोहीमच आखली. केन फॉलेटने त्यावर पुस्तक लिहिलं. पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची कथा जनरल मोटर्सची. १९८४ साली जनरल मोटर्सने ईडीएस अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली आणि पेरो त्या मोटार कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसला. बसला कसला, उभाच राहिला! गाड्या वाईट बनतात, साहेबलोक कारखान्यात फिरकत नाहीत, असं उघड बोलू लागला. शेवटी १९८६ साली मंडळाने त्याला सत्तर कोटी डॉलर देऊन बाहेर काढलं.

हा प्रसंग मी मुद्दाम थांबून सांगतोय. बैठकीत आपलं ऐकलं जात नाही, तर आपला हिस्सा घ्या, बाहेर पडा, नवी कंपनी काढा. धंद्यात हे चालतं. धंद्यात हे शहाणपणाचंही असतं. पेरोने आयबीएममध्ये हे केलं, जनरल मोटर्समध्ये केलं. आणि त्याची गल्लत अशी झाली की राजकारणातही त्याने हेच केलं.

२० फेब्रुवारी १९९२. लॅरी किंगच्या टीव्ही कार्यक्रमात त्याने सांगितलं, पन्नासही राज्यांत लोकांनी सह्या गोळा करून माझं नाव मतपत्रिकेवर आणलं तर मी उभा राहीन. पक्ष नाही, कार्यालय नाही. लोकांनी खरंच सह्या गोळा केल्या. स्वतःच्या खर्चाने टेबलं मांडून, बाजारपेठांच्या बाहेर उभं राहून. जूनमध्ये गॅलपच्या चाचणीत पेरो ३९ टक्के, राष्ट्राध्यक्ष बुश ३१, क्लिंटन २५. अपक्ष उमेदवार पहिल्या क्रमांकावर!

आणि १६ जुलैला त्याने माघार घेतली.

का घेतली? तेव्हा एक कारण सांगितलं, ऑक्टोबरमध्ये दुसरंच. मुलीच्या लग्नात विरोधक काही घाणेरडा डाव टाकणार होते म्हणे. पुरावा त्याने दिला नाही. मला विचाराल तर कारण साधं होतं. पत्रकार उलट प्रश्न विचारत होते, भाड्याने आणलेले प्रचारतज्ज्ञ सल्ले देत होते, कार्यकर्ते आपल्या मनाने वागत होते, आणि यातला कोणीही त्याचा नोकर नव्हता. मतदार हा नोकर नाही, भागधारकही नाही. त्याला सत्तर कोटी देऊन कोणी मोकळं करत नाही. ज्या बाईने उन्हात उभं राहून पाचशे सह्या जमवल्या, तिला त्या जुलैच्या सकाळी काय वाटलं असेल? कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात तिची नोंद होत नाही.

१ ऑक्टोबरला तो परत आला. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टीव्ही वेळा विकत घेऊन हातात काठी, समोर तक्ते, आणि राष्ट्रीय कर्जाचा हिशेब! गणिताच्या मास्तरांनी वर्ग घ्यावा तसा. जाहिरातवाले हसले, लाखो लोकांनी मात्र बसून पाहिलं. खिशातले सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्चले. ३ नोव्हेंबरला निकाल लागला. १ कोटी ९७ लाख मतं, जवळजवळ १९ टक्के. १९१२ नंतर तिसऱ्या उमेदवाराला इतका वाटा मिळाला नव्हता. एका मतामागे सव्वातीन डॉलरच्या आसपास. ठाणेदारांच्या मानाने कितीतरी स्वस्त. आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या ५३८ प्रतिनिधींपैकी त्याचे किती? शून्य! एकही नाही. कारण तिथे जवळपास सगळ्या राज्यांत, ज्याला सर्वाधिक मतं त्यालाच त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. पेरोला मतं सगळीकडे होती, पहिला क्रमांक कुठेच नव्हता. यूटामध्ये आणि मेनमध्ये दुसरा. अशी देशभर पसरलेली मतं अशा पद्धतीत वाऱ्यावर जातात, हे आपल्या लहान पक्षांना कोणी शिकवायला नको.

पैसा पेरोला इतकंच देऊ शकला की लोकांनी त्याचं ऐकून घेतलं. तेही थोडं नाही. कर्जाचा प्रश्न त्याने असा चव्हाट्यावर आणला की पुढे दोन्ही पक्षांना तो टाळता आला नाही, आणि १९९८ साली अमेरिकेच्या अंदाजपत्रकात तीस वर्षांत प्रथमच शिल्लक राहिली. त्याचं सगळं श्रेय मी त्याला देणार नाही. काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) होती, क्लिंटन होते, अर्थव्यवस्थेची तेजी होती. पण हरलेल्या उमेदवाराचा विषय जिंकलेल्यांना घ्यावा लागला, हे खरं. त्याच्यामुळे बुश हरले असं अजून लोक म्हणतात. मतदानानंतरच्या पाहणीत मात्र पेरोच्या मतदारांची दुसरी पसंती बुश आणि क्लिंटन यांच्यात सारखीच वाटली गेली होती.

रिफॉर्म पक्ष काढून १९९६ साली तो पुन्हा उभा राहिला. ८ टक्क्यांवर आला. मग पक्षाचा आणि त्याचा उत्साह दोन्ही ओसरले. नगरपालिका, राज्याचं विधिमंडळ, गावोगावचे कार्यकर्ते, या कशाचीच बांधणी नव्हती. पेरो २०१९ च्या ९ जुलैला वारला, तोपर्यंत त्याच्या पक्षाची आठवण इतिहासाच्या पुस्तकांपुरती उरली होती.

आपल्याकडेही अशी माणसं झाली. १९७१ साली नवल टाटा दक्षिण मुंबईतून अपक्ष उभे राहिले. कोट्यवधींच्या उद्योगाचं नाव पाठीशी, तरी हरले. २०१४ साली इन्फोसिसचे नंदन नीलेकणी बंगळुरूतून लढले, हरले. उद्योजक नव्हेत, पण राष्ट्रपतीपदाला उभे राहून हरलेले आपले चिंतामणराव देशमुख आठवतात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली राजीनामा देणारे. १९६९ साली गिरी आणि संजीव रेड्डी यांच्या झटापटीत ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्यांच्या योग्यतेबद्दल कोणाला शंका होती? कोणालाच नाही. मतं मात्र योग्यतेला मिळत नाहीत, ती पाठीशी असलेल्या माणसांना मिळतात. आणि याच अमरावती जिल्ह्याने दुसरा नमुना पाहिला आहे. प्रतिभाताई पाटील १९६२ साली आमदार झाल्या, अनेक वर्षं मंत्रिपदं सांभाळली, राज्यसभेत गेल्या, १९९१ साली अमरावतीतून लोकसभेत, २००४ साली राजस्थानच्या राज्यपाल, आणि २००७ साली राष्ट्रपती. पंचेचाळीस वर्षं. एकेक पायरी. त्यांच्या कारकिर्दीबद्दल तुमचं मत काहीही असो. जिना त्यांनी चुकवला नाही.

मग ठाणेदारांचं काय झालं? इथे मी दुसऱ्या प्रश्नाशी येतो.

गव्हर्नरपदासाठी हरल्यावर बहुतेक श्रीमंत माणसं घरी जातात. एखादी धर्मादाय संस्था काढतात, वर्तमानपत्रात लेख लिहितात. हे गृहस्थ डेट्रॉइट शहरात राहायला गेले. मोटारींच्या कारखान्यांनी भरलेलं आणि त्यांच्याच पडझडीने ओस पडत गेलेलं, बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं शहर. आणि २०२० साली राज्याच्या विधिमंडळातल्या एका साध्या जागेसाठी उभे राहिले. म्हणजे कालपर्यंत मुख्यमंत्री व्हायला निघालेला माणूस आज आमदारकीला उभा! आपल्याकडे कोणी असं केलं असतं तर कार्यकर्त्यांनीच तोंड लपवलं असतं. ठाणेदार जिंकले. दोनच वर्षांनी, २०२२ साली, मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासाठी लढले. पक्षात उमेदवारांची गर्दी इतकी की २८ टक्के मतांवर उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरची निवडणूक त्या मतदारसंघात औपचारिकच होती. जानेवारी २०२३ मध्ये शपथ घेतली, २०२४ साली पुन्हा निवडून आले.

ही वाट त्यांना कोणी दाखवली? माझं म्हणणं असं, की त्यांच्या दिवाळ्याने दाखवली. २०१० साली सगळं गेल्यावर त्यांनी मोठ्या औषध कंपनीचं स्वप्न सोडलं आणि तपासणीच्या छोट्या प्रयोगशाळेपासून पुन्हा सुरुवात केली. २०१८ ला हरल्यावर राजकारणातही तेच केलं. उद्योजकाचा राजकारणात उपयोग होतो असं आपण म्हणतो तेव्हा त्याचं यश आपल्या डोळ्यांसमोर असतं: हा कंपनीसारखं राज्य चालवील. माझा त्यावर विश्वास नाही. राज्य कंपनीसारखं चालत नाही, कारण राज्यातल्या कोणाला कामावरून काढता येत नाही. उपयोग होतो तो नुकसानीच्या अनुभवाचा. पेरोचंही धंद्यात नुकसान झालं होतं, पण धंद्यात तो कधी खाली उतरला नाही. नेहमी बाहेर पडला आणि नवं, आणखी मोठं काढलं.

मात्र एक गोष्ट आपण मराठी अभिमानाच्या भरात विसरू नये. डेट्रॉइटमधून चार्ल्स डिग्ज नावाचे कृष्णवर्णीय नेते १९५५ च्या जानेवारीत प्रतिनिधिगृहात गेले. ठाणेदारांचा जन्म त्याच्या पुढच्याच महिन्यातला. तेव्हापासून २०२२ च्या अखेरपर्यंत त्या शहराला दिल्लीत, म्हणजे वॉशिंग्टनला (हशा), कोणी ना कोणी कृष्णवर्णीय प्रतिनिधी होताच. ती परंपरा ठाणेदारांच्या विजयाने खंडित झाली. स्वतःचे लाखो डॉलर ओतणारा, दोन-तीन वर्षांपूर्वी शहरात राहायला आलेला माणूस आमचा आवाज कसा होईल, असं तिथले लोक विचारतात. हा प्रश्न वर्णद्वेषाचा नाही. बाहेरून आलेल्या पैसेवाल्याने मेळघाटातली राखीव नसलेली एखादी जागा जिंकली, तर आपल्या कोरकू बांधवांना जे विचारावंसं वाटेल, तेच ते विचारतात. ठाणेदारांना त्याचं उत्तर कामाने द्यावं लागेल. जाहिरातीने ते देता येणार नाही.

आणखी एका हरलेल्या उमेदवाराचं नाव घेतो आणि थांबतो, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं आहे. वेंडेल विल्की. वीज कंपन्यांचा प्रमुख, कधी कुठली निवडणूक न लढवलेला. १९४० साली रिपब्लिकन पक्षाने त्याला रूझवेल्टविरुद्ध उभं केलं. सव्वादोन कोटी मतं पडली, आणि तो दणकून हरला. त्यानंतर त्याने काय केलं? ज्याने हरवलं त्याच रूझवेल्टच्या युद्धकाळातल्या धोरणाला पाठिंबा दिला. पक्षाने तोंड फिरवलं. १९४२ साली युद्ध चालू असताना विमानाने जगाची फेरी केली आणि ‘वन वर्ल्ड’ हे पुस्तक लिहिलं. भारतात तो उतरला नव्हता, पण पूर्वेकडच्या देशांत जिथे गेला तिथे भारताच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्याला विचारला गेला, आणि ते त्याने अमेरिकन वाचकांना १९४३ साली, चर्चिलची भीड न ठेवता, सांगितलं. आपले नेते त्या वेळी तुरुंगात होते. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये, बावन्नाव्या वर्षी, तो वारला.

तीन उद्योजक, तिघेही हरलेले. एकाने विषय दिला आणि पक्ष वाऱ्यावर सोडला. एकाने स्वतःच्या पक्षाचा रोष पत्करला. एकाने खालच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात केली, आणि त्याचं राजकारण अजून चालू आहे, म्हणून त्याच्याबद्दल शेवटचं मत आज देणं घाईचं होईल. माझा कल विल्कीकडे आहे, हे लपवत नाही.

जाता जाता एक विनंती. ‘ही ‘श्री’ची इच्छा’ तुमच्या वाचनालयात असेल, नसेल तर मागवून घ्या, आणि मुलांना जरूर वाचायला द्या. पण त्याबरोबर २०१० ची आणि २०१८ ची गोष्टही त्यांना सांगा, बीगल कुत्र्यांसकट. आणि या तालुक्यातल्या ज्या तरुणाला राजकारणात जायचं आहे, त्याने पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरावा. प्रश्नांसाठी थोडा वेळ राखून ठेवला आहे. विचारा.